आधी महिना, मग तारीख

“अर्ध्या गावाला हा जन्मच घेऊ देत नाही बघ,” धारपकाका मॉनिटरकडे बोट दाखवत म्हणाले. “पंचवीस ऑगस्ट घातली, नाही म्हणतो. अठरा मे घातली, नाही म्हणतो. पूर्वी नाही म्हणताना निदान टुंग तरी करायचा. आता तेही नाही, नुसता गप्प बसून तोंडाकडे बघतो.”

मी खुर्ची पुढे ओढली आणि माऊस हातात घेतला. पडद्यावरची अक्षरं पाटीवर लिहावीत एवढी मोठी झाली होती. पत्रिकेचा प्रोग्रॅम एका झटक्यात उघडायला तयार नव्हता. उघडताना जे गणपतीचं स्तोत्र वाजायचं, तेही बंद पडलं होतं.

“कोणी काय केलं याला?”

“कोणी म्हणजे? आमच्या पुतण्याने. दिवाळीला पुण्याहून आला, म्हणाला, काका, तुमची सिस्टीम जुनाट झाली, नवी टाकून देतो. टाकली, फराळ केला आणि गेला.”

“दिवाळीत? काका, आज जानेवारी आहे. मी समोरच्या दारात राहते. रोज क्लासला जाताना तुम्ही मला ‘काय गं, जेवलीस का’ विचारता. आणि हे मला आज सांगता?”

“राहून गेलं,” काका म्हणाले आणि कोपऱ्यातली पिशवी उचलून भाजी आणायला निघाले.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कराडात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, आणि पेठेत कोणाचंही मशीन अडलं की मलाच हाक यायची. धारपकाका पंचक्रोशीतले नावाजलेले ज्योतिषी. उतारवयात त्यांनी हौसेने कॉम्प्युटर घेतला होता. पहिल्या दिवशी त्याला हळदकुंकू कसं वाहायचं इथपासून सगळं मीच शिकवलं होतं. त्यामुळे त्या मशीनवर माझा थोडा हक्कच होता.

माझं लग्न ठरत आलं होतं, तेही काकांच्याच हातून. मुलगा इस्लामपूरचा, निरंजन परांडकर, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. दाखवण्याचा कार्यक्रम काकांच्या याच बाहेरच्या खोलीत झाला होता. मी पोहे घेऊन आले तेव्हा त्याने बशी घेतली आणि म्हणाला, “मला साखर नको हं वरून. दिवसभर तीच बघतो.” मी फिस्सकन हसले. मुलगी बघायला आलेल्यांसमोर असं हसायचं नसतं हे मला माहीत होतं. तोही हसला, आणि मग आम्ही दोघं उगाचच बराच वेळ हसत राहिलो. त्यानंतर दोनचारदा भेटलो. घरी जाताना तो बसस्टँडवर मागे वळून बघायचा. आधी चार स्थळांनी नकार दिला होता. त्या नकारांनी मला काही वाटलं नव्हतं, पण या माणसाने नकार दिला असता तर मला फार लागलं असतं.

त्यांच्याकडून अट एकच होती, पत्रिका जुळली पाहिजे, तीही कॉम्प्युटरवर काढलेली. आमच्या बाबांनी माझी पत्रिका कधी केलीच नव्हती. ते पोस्टात होते, आणि शेजारी ज्योतिषी असूनही म्हणायचे, “माणूस बघा, कागद काय बघता.” बाबा जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. म्हणून तुळशीच्या लग्नानंतर आईने काकांकडूनच, त्यांच्या याच मशीनवर, माझी पत्रिका काढून घेतली. निरंजनची लहानपणापासून तयार होती. काकांनी दोन्ही जुळवून पाहिल्या आणि छान जुळतात असा निरोप दिला. आईने गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला. पौष संपला की साखरपुडा, असं ठरलं होतं. त्या दिवशी दुपारी निरंजन गुणमेलनाचा कागद न्यायला येणार होता, त्यांच्या घरातल्या थोरल्या मंडळींना दाखवायला.

तेव्हा मी खुशीतच कामाला लागले. अक्षरं नीट केली. आवाजाचं ड्रायव्हर जुन्या सीडीवर सापडलं, ते घातलं आणि गणपतीबाप्पा पुन्हा गायला लागले. आतून काकूंनी “आले गं बाई एकदाचे” म्हणून हात जोडले. प्रोग्रॅम जुन्या सिस्टीमसारखा चालवायची खूण केली, तसा तोही मुकाट्याने पहिल्या झटक्यात उघडायला लागला. राहिल्या फक्त तारखा.

“काकू,” मी हाक मारली, “कोणाकोणाच्या तारखा नाकारल्या याने?”

काकू ताटात तांदूळ घेऊन निवडत बाहेर आल्या. “मला कशाला विचारतेस? यांनाच माहीत. तुझी काढल्यापासून बाकीच्यांच्या पत्रिका हातानेच करतायत. जुनी पंचांगं काढायची, भिंग घ्यायचं आणि बसायचं. डोळ्यांतून पाणी गळतं, पण मशीनला हात लावायचा नाही. मी म्हटलं, स्वरूपाला बोलवा, तर म्हणायचे, बोलावतो, घाई काय आहे.”

मला नवल वाटलं. काका असे थांबणारे नव्हेत. माऊसची वायर सैल झाली तरी गॅलरीतून ओरडायचे.

मी एकेक तारीख घालून बघायला लागले. पंचवीस ऑगस्ट नाही. नऊ ऑगस्ट घातली, घेतली. बारा ऑगस्टही घेतली. तेरा म्हटल्यावर नाही. मे घेतला, मार्च घेतला, तिथेही तसंच. बारापर्यंत सगळे पास, तेरापासून सगळे नापास.

मग डोक्यात प्रकाश पडला. पुतण्याने सिस्टीम टाकताना देश अमेरिका ठेवून दिला होता. तिकडे तारीख लिहिताना आधी महिना लिहितात आणि मग दिवस. आपण पंचवीस-आठ लिहिलं की मशीन पंचविसावा महिना शोधत बसायचं. तो कुठून सापडणार?

मला इतका आनंद झाला की मी काकूंना ओरडून सांगितलं, “काकू, सापडलं! याला वाटतं तेरावा महिना नसतो!”

“असतो की,” काकू तांदळातला खडा उडवत म्हणाल्या. “अधिक आला की होतात तेरा. सांग त्याला.”

मी हसत हसत सेटिंग उघडलं आणि अमेरिकेच्या जागी भारत करण्यासाठी हात नेला. तिथेच माझा हात थांबला.

ज्यांना मशीनने नाकारलं त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. काकांना कळलं, त्यांनी हाताने पत्रिका केली, विषय संपला. घोळ होता तो ज्यांना मशीनने घेतलं त्यांचा. नऊ ऑगस्टवाल्याला ते मुकाट्याने आठ सप्टेंबरचा करत होतं. कागदावर आकडे जसेच्या तसे दिसायचे, कोणाला शंकाही यायची नाही, पण ग्रह मात्र दुसऱ्याच दिवसाचे.

माझा जन्म तीन डिसेंबरचा. तीन-बारा.

मी भारत निवडलं, ओके केलं आणि प्रोग्रॅम पुन्हा उघडून माझी तारीख घातली. स्तोत्र संपेपर्यंत थांबावं लागलं. मग पडदा भरला. घरात लावून ठेवलेली पत्रिका मला पाठ होती, कारण आई ती येईल जाईल त्याला दाखवायची. पुनर्वसू नक्षत्र, आद्य नाडी. पडद्यावर आता होतं रेवती नक्षत्र आणि नाडी अंत्य.

निरंजनची नाडी अंत्य होती.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलामुलीची नाडी एक आली की जुनी माणसं पुढचं काही बघतच नाहीत. बाकीचे गुण कितीही जुळोत. एक नाडी म्हणजे संतती टिकत नाही, असा समज. पुष्कळ घरी यावर तिथल्या तिथे पत्रिका परत करतात. माझ्या मैत्रिणीचं तसं झालेलं मी पाहिलं होतं.

मी परत सेटिंगमध्ये गेले. अमेरिका केलं. पत्रिका काढली. आद्य. पुन्हा भारत केलं. अंत्य. पुन्हा अमेरिका. एक बटण इकडे केलं की माझं लग्न होत होतं आणि तिकडे केलं की मोडत होतं. मला त्या मशीनचा असा राग आला की उचलून अंगणात टाकावंसं वाटलं. नाडीवर माझा विश्वास नव्हता. बाबांची मुलगी होते मी. पण माझ्या विश्वासाला विचारतो कोण? निरंजनच्या आईचा विश्वास होता.

“झालं का गं?” काकूंनी विचारलं.

“होतंय,” मी म्हटलं.

सोपं होतं खरं तर. तारखांचं सापडलं नाही म्हणायचं. दुपारी निरंजन येईल, कागद नेईल. साखरपुडा झाला की एक दिवस येऊन सेटिंग बदलून द्यायचं. कोणाचं काही बिघडणार नव्हतं. काका बाकीच्यांच्या पत्रिका हातानेच करत होते. मी हे सगळं नीट जुळवून पाहिलं, आणि ते अगदी व्यवस्थित जुळलं.

मग निरंजनचा चेहरा डोळ्यांसमोर आला. उद्या त्याच्याशेजारी बसून मी रोज जेवणार, आणि मला एक गोष्ट माहीत असणार जी त्याला माहीत नाही. मला ते जमलं नसतं. मी मोठी सत्यवादी आहे असं नाही. क्लासला उशीर झाला की मी खुशाल बसवर ढकलते. पण याच्याजवळ मला ते नको होतं.

मी भारत निवडलं, ओके केलं, सेटिंग बंद केलं आणि ढसाढसा रडले. काकू हातातलं ताट तसंच टाकून उठल्या. तांदूळ सगळीकडे सांडले.

तेवढ्यात काका मेथीची जुडी घेऊन दारात आले. “काय झालं? मशीन जळलं का?”

“मशीन ठीक आहे,” मी डोळे पुसत म्हटलं. “तारखाही घेतंय आता. काका, माझी पत्रिका चुकलीय. मशीनने तीन डिसेंबरची बारा मार्च केली होती. खरी आत्ता काढली मी. नाडी एक येते आमची.”

मला वाटलं, काका दचकतील, चष्मा लावून पडद्याकडे धावतील. काकांनी मेथी काकूंच्या हातात दिली, चपला काढून कडेला लावल्या आणि झोपाळ्यावर बसले.

“सूर्य कुठे दाखवत होता तुझ्या त्या कागदावर?” त्यांनी विचारलं.

“मला काय माहीत?”

“कुंभेत. तुझा जन्म मार्गशीर्षातला, स्वरूपा. गीताजयंतीचं कीर्तन चालू होतं देवळात, आणि तुझा बाप मला शोधत आला, रिक्षा कुठे मिळेल म्हणून. मार्गशीर्षात जन्मलेल्या पोरीचा सूर्य कुंभेत? तिथे तो माघ-फाल्गुनात येतो. अगं, माझ्याकडे शिकायला येणारं पोरसुद्धा ही चूक पकडेल. चाळीस वर्षं मी काय नुसता शेंगा खात बसलोय?”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. काकूही.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“मशीनला काय झालंय ते माहीत नव्हतं. काहीतरी झालंय एवढं तुझा कागद निघाला तेव्हाच कळलं. तुझी पत्रिका मी त्या रात्री हाताने केली. रेवती आली. नाडी एक. सकाळी तुझी आई हातात साखरेची पुडी घेऊन दारात उभी, जुळलं का विचारायला.” काकांनी झोपाळा पायाने थांबवला. “जुळलं म्हटलं मी. आणि मशीनचा कागद दिला.”

“का पण?”

“तू या खोलीत हसलीस म्हणून,” काका एकदम चिडून म्हणाले, जणू मीच काही गुन्हा केला होता. “तुझा बाप गेल्यापासून तुला मी तशी हसलेली पाहिली नव्हती. तो पोरगा साखरेचं काहीतरी बोलला आणि तू हसलीस. मी इथेच बसलो होतो. आयुष्यात एका पत्रिकेतला एक ग्रह मी कोणासाठी हलवला नाही. लोकांनी पैसे पुढे केले, पाया पडले. सख्ख्या मेहुणीच्या मुलीचा मंगळ होता, तो आहे तिथेच ठेवला. हिला विचार, ती बहीण अजून बोलत नाही हिच्याशी. हाताने मला ते जमलंच नसतं. यंत्राने आपणहून हलवला, तर मी म्हटलं, हलू दे.”

मग मला दिवाळीपासूनचं सगळं समजलं. ते भिंग, ती पंचांगं, ते ‘राहून गेलं’. मशीन नीट झालं असतं तर माझा कागद खोटा पडला असता. म्हणून त्यांनी मला बोलावलंच नव्हतं.

“आज सकाळी त्यांचं पाकीट भरलं,” काका म्हणाले, “आणि मग तुला हाक मारली. ते तिथे टेबलावर आहे. हवं तर फाड, हवं तर दे. मी त्यावर बोलणार नाही. माझी बोलायची सोय राहिली नाही.”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. आत जाऊन त्यांनी काकांच्या डोळ्यांचे थेंब आणले आणि भर दिवसा, माझ्यासमोर, त्यांच्या डोळ्यांत घातले.

निरंजन दुपारी आला. ऊस गळिताचा हंगाम होता, त्याच्या शर्टाला मळीचा वास येत होता. मी त्याला खोलीत येऊच दिलं नाही. पाकीट घेऊन बाहेर गेले आणि मोटारसायकलीजवळ उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फक्त काकांना आधी कळलं होतं, ते सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

त्याने सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे बिघडलेल्या मीटरवरचं रीडिंग,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि आता मीटर बरोबर आहे?”

“आहे. मीच केलाय.”

“तूच केलास?” त्याला त्यातही थोडं हसू आलं. मग ते गेलं. “स्वरूपा, मला नाडी वगैरे कळत नाही. तू थोडी थोडी कळायला लागलीयेस, तेवढं मला पुरतं. माझ्यापुरतं विचारशील तर हे पाकीट मी आत्ता उसाच्या फडात टाकून देईन. पण आई...” तो थांबला. “माझ्याआधी एक भाऊ होता. पाळण्यातच गेला. आईबाबांचं लग्न पत्रिका न बघता झालं होतं. नंतर कोणीतरी बघितल्या आणि सांगितलं, नाडी एक आहे. त्यानंतर आजी आईला काय काय बोलायची ते मी लहानपणी ऐकलंय. म्हणून तिची एवढी एकच अट असते.”

मला हे माहीत नव्हतं. सुमतीबाई, त्याची आई, मला जरा करड्या वाटल्या होत्या. कार्यक्रमात त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, जन्मवेळ नक्की आहे ना. मला तेव्हा राग आला होता.

“तिला सांगावंच लागेल,” निरंजन म्हणाला.

“सांग.”

“ती नाही म्हणाली तर मी तिच्याशी भांडेन. पण तिला फसवून नाही करायचं.”

“मला तेच सांगायचं होतं,” मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि तरीही बरं वाटत होतं. त्याने पाकीट माझ्याकडे परत दिलं आणि गाडीला किक मारली. त्या दिवशी वळणावर त्याने मागे वळून बघितलं की नाही, मला दिसलं नाही. माझेच डोळे भरलेले होते.

नंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. आई देवापुढून उठेना. निरंजनचा फोन यायचा, “बोलतोय मी तिच्याशी,” एवढंच म्हणायचा. काकांनी मशीनवर कापड टाकलं ते काढलंच नाही. त्यांच्याकडे कोणी आलं तर “तब्येत बरी नाही” म्हणून परत पाठवायचे.

आणि एका रविवारी सकाळी सुमतीबाई स्वतः आल्या. सोबत निरंजन. काकूंनी मला आणि आईला हाक मारली. आम्ही गेलो तेव्हा सुमतीबाई पदर खांद्यावरून घेऊन ताठ बसल्या होत्या.

“धारपकाका,” त्या म्हणाल्या, “पत्रिका कॉम्प्युटरचीच हवी असं मी म्हटलं होतं. गुरुजी माणसं बघून ग्रह फिरवतात असं ऐकून होते, म्हणून. आता तुम्ही हाताने करा. इथे, माझ्यासमोर. काय असेल ते मला बघू दे.”

काका उठले, कपाटातून माझ्या जन्मसालाचं पंचांग काढलं, पाट घेतला, भिंग घेतलं. आम्ही सगळे बसून राहिलो. खोलीत फक्त पेनाचा आवाज येत होता. मध्येच काकू चहा घेऊन आल्या, कोणी प्यायलं नाही. काकांनी कुंडली मांडली, ग्रह भरले, नक्षत्र लिहिलं. अक्षर सरळ होतं. नाडीच्या ठिकाणी आले तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही. ‘अंत्य’ असं लिहिलं आणि कागद सुमतीबाईंपुढे केला.

“एक आहे,” ते म्हणाले. “मागच्या खेपेचा कागद चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे मला देताना ठाऊक होतं. यंत्राचं नाव पुढे करून मी तुम्हाला फसवलं, बाई. या मुलीला काही माहीत नव्हतं. तिला कळलं त्याच दिवशी तिने तुमच्या मुलाला सांगितलं.”

निरंजनने चमकून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते.

सुमतीबाई रागावतील, उठून जातील असं मला वाटलं. त्या कागदाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, “चाळीस वर्षं नाव कमावलंत आणि ते असं पणाला लावलंत. का?”

“कारण ही दोघं सुखाने राहतील असं मला वाटतं.”

“नाडी एक असून?”

“असून.”

“मग ते लिहा की,” सुमतीबाई म्हणाल्या. “मनात कशाला ठेवता? तुमच्या हाताने, खाली, तुमच्या नावाने लिहा.”

काकांना कळेना. मग त्यांनी पेन उचललं. आयुष्यभर जे ग्रहांनी सांगितलं तेच लिहिलेला माणूस तो. पहिल्यांदाच स्वतःचं लिहीत होता. ‘नाडी एक आहे. तरीही माझ्या मते हा विवाह करण्यास हरकत नाही,’ असं लिहिलं आणि पूर्ण नाव घालून सही केली.

सुमतीबाईंनी कागद ओढून घेतला, सही नीट वाचली आणि काकांपुढे हात केला. “पेन द्या.”

त्यांनी काकांच्या सहीखाली सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहायला घेतलं. लिहिता लिहिता त्या मोठ्याने वाचत होत्या, आम्हाला सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

“लग्नानंतर... या घरात... काहीही झालं... तरी त्यावरून... स्वरूपाला... कोणीही... बोल लावायचा नाही.”

खाली त्यांनी ‘सुमती परांडकर’ लिहिलं. मग पेनाचं टोपण लावलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मोडला.

“माझ्या वेळी एवढं एक कोणी लिहून दिलं असतं ना,” त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

मी उठून त्यांच्याजवळ गेले. नमस्काराला वाकणार तोच त्यांनी मला धरलं आणि शेजारी बसवून घेतलं, अगदी घट्ट. मग त्या बाळाविषयी बोलायला लागल्या, जे पाळण्यात गेलं होतं. त्याचं नाव काय ठेवलं होतं, त्याला कुठल्या कुशीवर झोपायला आवडायचं. निरंजन ऐकत होता. त्याने ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.